आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, एकोणीस माणसं, एक फोटो : मागे काय असावं?

ओसरी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. या विभागात वाचनमात्र बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गुहागर तालुक्यात आमचं जांभ्याचं कौलारू घर. मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं, पतवंडं धरून एकोणीस जण येणार. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सगळे एका छपराखाली असतील. सगळ्यांचा मिळून एक नीट फोटो हवाय आणि तो मीच काढणार आहे. क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, ३५ आणि ५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आणि ट्रायपॉड, एवढं सामान आहे. फ्लॅश नाही आणि नकोच. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, समोर काही लखलखलं की ते डोळे मिटून घेतात.

प्रश्न मागच्या जागेचा आहे. मुंबईची भावंडं म्हणतात समुद्रावर जाऊ, गाडीने दहा मिनिटं. काकू म्हणते कार्यक्रमासाठी फुलांची भिंत भाड्याने आणणारच आहोत, तिच्यासमोर उभे राहू. वाडीत पोफळी आहेत, तिथे हिरवंगार दिसतं. आणि घर तर आहेच. ओटा आहे, पडवी आहे, झोपाळा आहे. पण भिंतीचा गिलावा सुटलाय, विजेच्या मीटरची पेटी आहे, वायरी लोंबतायत, कौलांवर डिश आहे.

मी एवढी का अडले तेही सांगते. आमच्याकडे आजी-आजोबांचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना, तळं, तळ्यात हंस. आजीच्या कडेवर माझे बाबा. त्या वेळचं आमचं घर मात्र कुठल्याच फोटोत नाही. डाव्या अंगाला भाताचं कोठार होतं, त्याला लागून गवताने शाकारलेली पडवी होती म्हणे. माझ्या जन्माआधीच ते पाडलं. आजोबांना विचारलं तर ते अंगणात उभे राहून हाताने हवेत रेघ ओढतात, "इथनं तिथपर्यंत होतं." आजी आता नाही. या वेळी चूक होऊ नये असं फार वाटतंय.

रानवाट | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२५

ओसरीताई, धागा छान काढलात. बावीस वर्षं साताऱ्याकडे लग्नं-मुंजींचे फोटो काढतोय, तेव्हा अधिकाराने एक विचारतो. बाकी सगळं बाजूला ठेवा. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? समोर अंगण किती? आणि कार्यक्रमाला मांडव घालणार का, घातलात तर वर काय टाकणार?

मागे काय दिसावं हे ठरवण्याआधी तोंडावर उजेड कुठून येणार ते ठरवावं लागतं. लोक जागा बघायला जातात आणि मागचं दृश्य बघून परत येतात. जागा बघायची ती दृश्याकडे पाठ करून. तिथे उभं राहून आपल्या समोर किती आभाळ मोकळं आहे ते बघायचं. चेहरे त्या आभाळानेच उजळणार असतात.

ओसरी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

रानवाटदादा, घर पूर्वाभिमुख आहे. समोर खळं, साधारण तीस फूट, मधे तुळशीवृंदावन, पलीकडे गडगा (दगडी कुंपण) आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट). मांडव घालणार. दरवर्षी निळी ताडपत्री टाकतात तीच असेल.

रानवाट | १३ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मग निम्मं काम झालंच म्हणून समजा. पूर्वाभिमुख घराच्या ओट्यावर सकाळी ऊन तोंडावर येतं. सगळे डोळे बारीक करतात, कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दुपार कलली की तेच घर आपली सावली अंगणात टाकतं. साडेतीन-चारनंतर ओट्यासमोरचा पट्टा सावलीत येईल, आणि समोर पूर्वेचं आभाळ सगळं मोकळं. तो उजेड मऊ असतो, येतो समोरून, सुरकुत्यांवर माया करतो. आजोबांनाही त्रास नाही. सूर्य घराच्या पाठीमागे असेल, म्हणून छपराच्या वरचं आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, ते पांढरं फटक येईल आणि लेन्समध्ये धुरकटपणा आणेल. कॅमेरा स्टुलावर उभं राहून थोडा उंच धरा, म्हणजे वरच्या कडेला कौलंच भरतील.

आता त्या निळ्या ताडपत्रीचं. ती काढायला लावा, भांडण झालं तरी चालेल. मागच्या एका मुंजीत मी हे ऐकलं नाही आणि अख्ख्या घराची तोंडं थंडीने गारठल्यासारखी निळी आली. नंतर कॉम्प्युटरवर निळा कमी केला तर शेले आणि हळदी-कुंकवाचे रंग बिघडले. हिरव्या शेडनेटखाली तोंडं आजारी दिसतात. झावळ्यांचा मांडव दिसायला देखणा, पण त्यातून कवडसे पडतात. एकाच्या गालावर रुपयाएवढा उजेड, दुसऱ्याच्या नाकावर. असले फोटो दुरुस्त होत नाहीत. मांडवाला पांढरं कापड मिळालं तर त्यासारखं सुख नाही, ऊन गाळून खाली येतं. नाहीतर फोटोपुरती ओट्याजवळची ताडपत्री गुंडाळून वर बांधा.

अंगण शेणाने सारवलेलं असेल तर ते उजेड पिऊन टाकतं. बसलेल्या माणसांच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांत थोडा उजेड यायला हवा असेल तर फ्रेमच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या पुढ्यात जमिनीवर दोन पांढऱ्या चादरी अंथरा. फरक लगेच दिसतो.

आणि एक. ही जागा तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत बघून ठेवली असेल तर ती आठवण विसरा. कोकणात डिसेंबरअखेर सूर्य नेमक्या पश्चिमेला नाही, जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो, मे-जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. सावलीचा पट्टा पार तिरका होतो. आदल्या दिवशी चार वाजता अंगणात उभं राहून खडूने सावलीची कड आखून ठेवा.

गाज | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

समुद्रावरच्या फोटोबद्दल लिहिते, कारण माझं माहेरच समुद्राला लागून. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळी समुद्र मागे घेतलात तर सूर्य माणसांच्या पाठीशी, म्हणजे चेहरे काळे. सूर्याकडे तोंड केलंत तर डोळे मिटलेले आणि मागे समुद्र नाहीच, सुरूचं बन. लोकांना वाटतं सूर्यास्त आणि चेहरे दोन्ही मिळतील. फ्लॅशशिवाय नाही मिळत. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेच्या आभाळाचा उजेड फार सुंदर असतो, तेव्हा समुद्राकडे तोंड करून, मागे सुरू घेऊन काढावा. पण तोवर लहान मुलं भिजलेली आणि म्हातारी माणसं दमलेली असतात.

समुद्रच हवा असेल तर सकाळी जा. ऊन सुरूंच्या मागून वर येईपर्यंत वाळू सावलीत असते.

क्षितिजाची रेघ मात्र सांभाळा. सपाट वाळूवर ती नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. डोळ्याला लावून काढलात तर सगळ्या उभ्या माणसांच्या डोक्यातून, गळ्यातून रेघ जाणार. कॅमेरा कमरेपर्यंत खाली आणा, रेघ कमरेवर येते, चेहऱ्यांमागे नुसतं आभाळ राहतं. हे मला कळायला दहा वर्षं लागली.

धूसर | १३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. घराची भिंत, मीटर, वायरी, डिश हे सगळं नजरेला अडतं. फोटो माणसांचा आहे. पोफळींच्या वाडीत जा, माणसं झाडांपासून वीस-पंचवीस फूट पुढे उभी करा, ५० मिमी लेन्स एफ १.८ वर उघडा (आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं). मागची हिरवाई विरघळून जाते आणि चेहरे उठून येतात. पाहणाऱ्याची नजर कुठेही भटकत नाही. मी माझ्या मुलांचे सगळे फोटो असेच काढतो आणि ते मला आजही आवडतात.

रानवाट | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३५

धूसर, एक-दोन माणसांना तुमचं बरोबर आहे. एकोणीस जणांना नाही. तीन रांगा म्हटल्या की पुढच्या मांडीपासून मागच्या डोक्यापर्यंत पाच-सहा फूट खोली होते. एफ १.८ ला मधली रांग स्पष्ट आणि मागचे काका धुक्यात जातील. ताईंच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी, एफ ५.६, मधली रांग सोळा फुटांवर धरली तर अकरा फुटांपासून पुढे पंचवीस-तीस फुटांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे मागचं घरही. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडवर तर मुळीच जाऊ नका, तो मोकळे केस, गजरे आणि चष्म्याच्या काड्या कातरून टाकतो.

वाडीत दुसरीही अडचण आहे. दाट हिरवाईत खालून-वरून सगळीकडून हिरवा उजेड उसळतो आणि गव्हाळ, सावळ्या कातडीवर तो शेवाळासारखा बसतो. वाडीच्या कडेला उभं राहावं, आत नाही.

पडदेवाले | १३ नोव्हेंबर, रात्री ११.१५

ओसरी, तुमच्या आजी-आजोबांच्या मागचा हंस वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांचा कोल्हापूर भागात स्टुडिओ होता, आता बंद आहे. आमच्याकडे चार पडदे होते. एक बाग, एक कमान, एक डोंगर आणि तळं, आणि एक नुसता ढगाळ राखाडी. दांड्याला गुंडाळून ठेवलेले असायचे आणि उलगडले की रंगाचा आणि डिंकाचा वास यायचा.

कोल्हापूरला ही परंपरा मोठी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्याने भाऊ लागणारे आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तोच हात, तीच नजर पुढे स्टुडिओंमध्ये उतरली. लोक आज त्या पडद्यांना खोटे म्हणतात. मला ते पटत नाही. शेतात राबून आलेलं जोडपं वर्षातून एकदा स्टुडिओत यायचं, तेव्हा आपलं घर सोडून दुसरं काहीतरी मागे असावं हीच त्यांची हौस होती. ती खरी होती.

वडिलांनी शिकवलेलं सांगतो, तुम्हाला उघड्यावरही कामाला येईल. पडद्यावर चित्रकाराने उजेड एका बाजूनेच रंगवलेला असायचा. झाडाची डावी बाजू उजळ, उजवी गडद. वडील माणसाला असं बसवायचे की खिडकीचा उजेडही डावीकडूनच येईल. उलट बसवलं तर फोटो बघणाऱ्याला कारण कळत नसे, पण माणूस चिकटवल्यासारखा दिसे. ते म्हणायचे, मागच्याला आणि पुढच्याला एकच सूर्य पाहिजे. आणि पडद्याचा मधला भाग, डोकी येतात तो, मुद्दाम फिका आणि रिकामा ठेवलेला असे. कमानी, कुंड्या, कठडे सगळे कडेला. तुमच्या घरासमोर उभे राहाल तेव्हा डोक्यांच्या मागे भिंतीचा सपाट भाग येऊ द्या. खांब, दाराची चौकट, मीटरची पेटी दोन माणसांच्या मधे पाडा, कुणाच्या डोक्यातून उगवू देऊ नका.

घर घ्या, ताई. तुमच्या आजोबांना आता तळं-हंस नकोत, ते तर हवेत कोठार आखून दाखवतायत.

इरकल | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

पडदेवाले काका, किती सुंदर लिहिलंत.

मी कपड्यांचं बोलते. जांभ्याची भिंत तांबूस-विटकरी. तिच्यापुढे मरून, तपकिरी, गडद केशरी साड्या विरघळतात. आंबा रंग, मोतिया, पोपटी, चिंतामणी उठून दिसतील. वाडीत नेमकं उलट, हिरवी पैठणी नेसाल तर फक्त काठ आणि चेहरा उरतो. सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे घालायला लावू नका, शाळेचं संमेलन वाटतं. पुरुषांना फक्त एवढं सांगा, छातीवर मोठी अक्षरं असलेला शर्ट नको.

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या काळ्या चंद्रकळा नेसून काळोख्या माजघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. बारा चेहरे हवेत तरंगतायत असा फोटो आला. पुढच्या वर्षी चुना दिलेल्या भिंतीपुढे घेतला तर काठ, हलव्याचे दागिने, सगळं दिसलं. पण तेव्हा चेहरे काळपट आले. ते का, ते मला कळलेलं नाही.

रानवाट | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

इरकल, कॅमेऱ्याला समोर येईल ते मध्यम करडं आहे असं वाटतं. पांढरी भिंत फ्रेमभर असली की तो उजेड कमी करतो, भिंत राखी होते आणि चेहरे त्यापाठोपाठ काळवंडतात. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यायचा. काळोखी पडवी मागे असेल तर उलट होतं, चेहरे भाजल्यासारखे पांढरे येतात, तेव्हा अर्धा-पाऊण स्टॉप कमी करायचा. सोपा मार्ग म्हणजे आजोबांच्या चेहऱ्याजवळ जाऊन उजेड मोजायचा आणि मॅन्युअलवर तोच पक्का करायचा.

मोरपीस२ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

आमच्याकडे डोंबिवलीत ना अंगण ना ओटा. दोन खोल्यांचं घर, नऊ माणसं. तरी काढला, तो कसा ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. पहिला प्रयत्न गॅलरीत केला, मागे ग्रील आणि समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे. मग गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीची भिंत करडी, डाग पडलेली, रोज दिसते म्हणून कधी बघितलीही नव्हती. पाचनंतर टाकीच्या सावलीत उभे राहिलो आणि समोर सगळं आभाळ. त्या करड्यावर आईची जांभळी साडी काय दिसली! घरातच काढायचा झाला तर ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड दोन वेगळ्या रंगांचे असतात, अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्याचा येतो.

लीड्सकर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

इकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम १३ अंश वर येतो, त्यामुळे ऊन पडलंच तर दिवसभर तिरकं आणि सोनेरी. गावी आलो की मी दर वेळी गाफील राहतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, सोनेरी ऊन अर्धा तासही टिकत नाही. एकोणीस जणांना रांगेत बसवायलाच वीस मिनिटं जातात. तेव्हा सोनेरी उन्हाच्या भरवशावर राहू नका, रानवाट म्हणतात तो चारचा सावलीचा उजेडच धरा, तो तासभर तरी एकसारखा राहील.

आम्ही इथल्या घरामागे विटांच्या भिंतीसमोर दर दिवाळीला एक फोटो काढतो. सात वर्षांचे सात आहेत. भिंत तीच असल्यामुळे मुलगी किती विटा वाढली ते मोजता येतं.

चष्मेवाली | १४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

एक राहिलं. कुटुंबात कुणाचा उन्हात काळा होणारा चष्मा आहे का? तो ऊन नसलं तरी अतिनील किरणांनी गडद होतो, म्हणजे मोकळ्या आभाळाखालच्या सावलीतसुद्धा. थंडीत जास्तच. फोटोपुरता जुना साधा चष्मा शोधून ठेवा, किंवा शेवटच्या क्षणापर्यंत खिशात ठेवायला सांगा. काचेत आभाळ चमकत असेल तर हनुवटी नाही, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, चमक खाली सरकते.

सई_सा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

विषयाला थोडं सोडून विचारते. आम्हाला पुढच्या वर्षी कासला फुलांच्या गालिच्यात बसून कुटुंबाचा फोटो हवाय, उजेड कधी चांगला असतो?

रानवाट | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

सईताई, फुलांत बसू नका. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथली माती जांभ्यावर इंचभर जाडीची. एक कुटुंब बसून उठलं की तिथे पुढच्या वर्षी फूल येईलच असं नाही. वाटेवर उभे राहा, कॅमेरा गुडघ्याखाली आणा, कडेची फुलं आपोआप पुढे येतील. दिवस ढगाळ असेल तर उत्तम.

ओसरी | १५ नोव्हेंबर, रात्री १०.००

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! घरच घ्यायचं ठरलं. काकूशी बोलले, फुलांची भिंत व्यासपीठापाशी राहील, ओवाळतानाचे फोटो तिथे. परत येऊन सांगते.

ओसरी | ४ जानेवारी, रात्री ९.२०

आले परत. उशीर झाला, पण सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशी दुपारी चारला खडू घेऊन अंगणात उतरले. सावलीची कड तुळशीच्या अलीकडे दीड हातावर होती, आणि खरंच तिरकी, दक्षिणेच्या टोकाला कमी, उत्तरेला जास्त. म्हणून रांगा ओट्याच्या मधोमध न लावता उत्तरेकडे सरकवल्या. त्यामुळे मीटरची पेटी आपोआप बाहेर गेली आणि झोपाळ्याचं टोक आत आलं.

ताडपत्री काढायला बाबा तयार नव्हते. मग मोबाइलवर तिच्याखाली आजोबांचा एक आणि बाहेर एक असे दोन फोटो काढून शेजारी शेजारी दाखवले. बाबा काही बोलले नाहीत, शिडी घेऊन आले. ओट्याकडच्या दोन वाशांमधलं कापड गुंडाळून सुंभाने बांधलं.

आवराआवर सुरू झाली तेव्हा सगळे उत्साहात. दुचाक्या पाखाडीखाली नेल्या, कपड्यांची दोरी सोडली, प्लास्टिकच्या बादल्या मागे. भाऊ कौलांवर चढून डिश उतरवायला निघाला. ती मी राहू दिली. रोज संध्याकाळी सातला आजोबा ज्या बातम्या बघतात त्या तिच्यातूनच येतात. ती वरच्या कोपऱ्यात आहे, कुणाच्या डोक्यावर नाही.

पडवीच्या भिंतीत एक कोनाडा आहे, वरची कड काजळीने काळी झालेली. मोठ्या आत्याने तो दिसू नये म्हणून त्यावर तोरण टांगलं होतं. आजोबा झोपाळ्यावरून उठले, काठी टेकत गेले आणि तोरण काढून तिच्या हातात दिलं. म्हणाले, "आई कंदील ठेवायची तिथे." आत्याने तोरण दाराला लावलं. कोनाडा फोटोत आजोबांच्या उजव्या खांद्यावर येतो, पडदेवाले काकांनी सांगितल्यासारखा दोन डोक्यांच्या बरोबर मधे.

पुढे सतरंजीवर मुलं, मधे पाच खुर्च्या, मागे ओट्याच्या पायरीवर उभे. दोन पांढऱ्या चादरी माझ्या पायाशी अंथरल्या. एफ ५.६, आजोबांच्या गालाजवळ उजेड मोजून पक्का केला. सव्वाचारला पहिला, पावणेपाचला शेवटचा, एकंदर एकतीस. दहा सेकंदांचा टायमर लावून मी डाव्या टोकाला पळत जायचे. बाविसाव्यात एकोणीसच्या एकोणीस जणांचे डोळे उघडे आहेत, बाळाचेसुद्धा. धाकट्या काकांचा चष्मा मात्र काळाच आला, जुना सापडला नाही.

धूसर, नंतर आजोबांचा एकट्याचा फोटो वाडीच्या कडेला तुमच्या पद्धतीने काढला, ५० मिमी, एफ २. मागे पोफळी अगदी मऊ झाल्या. तो त्यांना पासपोर्टच्या फोटोसारखा वाटला, पण मला फार आवडलाय.

धूसर | ४ जानेवारी, रात्री १०.०५

वाचून फार आनंद झाला. प्रिंट केवढी काढलीत?

ओसरी | ४ जानेवारी, रात्री १०.३०

१२ बाय १८, मॅट कागदावर. चकचकीत नको म्हटलं, पडवीत दारातून उजेड येतो, त्यात नुसतं दार दिसलं असतं. प्रिंट घेऊन गेल्या रविवारी गेले होते. आजोबांनी भिंग लावून बराच वेळ बघितली. आधी कोनाडा, मग माणसं, एकेकाचं नाव घेत. मग विचारलं, "आणि गोठ्याकडचं दार?"

ते मागे आहे, पश्चिमेला. आजी दिवसभर तिकडेच असायची. त्यामुळे मे महिन्यात परत जातेय, तेव्हा चौदा जण तरी असतील. रानवाटदादा, आता सगळं उलट होणार ना? सावली मागच्या बाजूला सकाळी. मे महिन्यात ती किती वाजेपर्यंत टिकेल?

रानवाट | ४ जानेवारी, रात्री १०.५०

उलटच. पण मे महिन्याच्या मध्याला कोकणात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे सकाळची सावली भराभर आत ओढली जाते. साडेआठपर्यंत सगळे बसलेले हवेत, नऊच्या आत संपवा. आणि गोठ्यामागे फणस किंवा आंबा असेल तर आत्ताच सांगा, मग कवडशांचं बघावं लागेल.

ओसरी | ४ जानेवारी, रात्री १०.५५

फणस आहे. मोठा.